राखेची साक्ष आणि ओवीची साक्ष

इतिहास म्हणजे कागद, ही समजूत महाराष्ट्रांत खोलवर रुजलेली आहे, आणि ती रुजावयास सबळ कारणही आहे. राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढला, तो वाईस हातीं लागलेल्या दप्तराच्या बळावर. अस्सल कागद कोणता व नक्कल कोणती, लिहिणारानें प्रसंग डोळ्यांनीं पाहिला होता कीं कानांनीं ऐकला होता, हे प्रश्न विचारल्यावांचून कोणतेंही विधान पदरांत घेऊं नये, ही शिस्त तेव्हांपासून आपल्या अभ्यासकांच्या अंगवळणीं पडली. परंतु ज्या घटनेचा कागद कोणीं लिहिलाच नाहीं, तिचें काय करावयाचें? १७०० सालीं औरंगजेबानें साताऱ्याचा किल्ला घेतला, त्या वेढ्याची हकीगत दोन्ही पक्षांच्या लेखांत सांपडते. पण त्याच सालीं माणच्या किंवा जतच्या माळावर वणवा पेटला असेल, तर तो कोणत्या कारकुनानें टिपला असेल? किल्ला पडला तर तवारिखेंत येतो, गांव जळलें तर बखरींत येतें. गवत जळलें तर तें कोणाच्याही दप्तरीं दाखल होत नाहीं.

आश्चर्य हें, कीं या न टिपलेल्या आगीवर एक फार मोठा निवाडा उभारला गेला आहे. सातारा जिल्ह्याचे माण व खटाव, आणि सांगली जिल्ह्याचे आटपाडी, जत, कवठे महांकाळ, खानापूर या तालुक्यांत लांबच लांब उघडे माळ पसरलेले आहेत. कुसळीचें गवत आणि मधूनमधून हिवर, बोर, बाभूळ, तरवड, एवढीच त्यांची संपत्ति. असले माळ म्हणजे मूळचें अरण्यच. मेंढपाळांनीं चारून आणि शेतकऱ्यांनीं आगी लावून त्याची ही दशा केली, हा समज इंग्रजी अमदानींतल्या वनखात्यानें दृढ केला. मुंबई इलाख्यांत अलेक्झांडर गिब्सन यांची १८४७ सालीं पहिले वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. पुढें १८७८ चा वनकायदा आला. आणि गवत पेटविणारा माणूस हा रानाचा वैरी, ही कल्पना हळूहळू सुशिक्षितांच्या घरोघरीं पोंचली. फिर्यादी निघून गेले, पण फिर्याद अजून उभी आहे. सरकारी नोंदींत माळ ‘पडीक’ ठरतो, आणि एकदां तो पडीक ठरला म्हणजे त्यावर वाटेल तीं झाडें लावणें हें पुण्यकर्म ठरतें.

अलीकडे या खटल्यांत दोन नवे साक्षीदार उभे राहिले आहेत. पहिला रसायनशास्त्राकडून आलेला आहे: जळलेल्या वनस्पतींतून निघणारीं व गाळांत, बर्फांत, खडकांत शिल्लक राहणारीं विशिष्ट द्रव्यें, ज्यांवरून गतकाळच्या आगी ओळखतां येतात. दुसरा साक्षात् आपल्या वाङ्मयांतून आलेला आहे. आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील या दोघांनीं २०२५ सालीं ‘पीपल अँड नेचर’ या नियतकालिकांत एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत पश्चिम महाराष्ट्रांतील माळरानांचा पूर्वेतिहास जुन्या मराठी ओव्या, कविता, चरित्रें व कथा यांच्या आधारें शोधला आहे. या दोन साक्षींचें मोल किती, आणि त्या एकमेकींस कितपत पूरक आहेत, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. वाङ्मयाच्या मासिकांत राखेची चर्चा कशाला, असें कोणी म्हणेल. आमचें उत्तर इतकेंच, कीं साक्ष कशी वाचावी हा प्रश्न मूळचा टीकाकाराचाच आहे. मग साक्षीदार रेणु असो कीं ओवी.

प्रथम राखेकडे वळूं. लांकूड, कडबा, पाचट, वाळलें गवत, या सर्वांचा सांगाडा सेल्युलोज नांवाच्या द्रव्याचा असतो, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या कणांची एक लांब सांखळी. पालापाचोळा कुजतो किंवा गाईच्या पोटांत पचतो तेव्हां ही सांखळी तुटून तिचें ग्लुकोज होतें. परंतु तीच सांखळी सुमारें ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापली म्हणजे निराळ्या तऱ्हेनें तुटते, आणि तींतून लेव्होग्लुकोसान नांवाची एक निर्जल साखर तयार होते. ही साखर कुजण्यानें होत नाहीं, पचण्यानें होत नाहीं, जळण्यानेंच होते. धुराच्या कणांवर बसून ती दूरवर जाते, पावसाबरोबर खालीं उतरते, आणि तळ्याच्या गाळांत किंवा हिमाच्या थरांत जाऊन पडते. बर्न्ड सिमोनाइट आणि त्यांचे सहकारी यांनीं १९९९ सालीं वनस्पतींच्या ज्वलनाची खूण म्हणून तिची योग्यता दाखवून दिली. पुढें ग्रीनलंडच्या हिमांतून काढलेल्या एका गाभ्यांत तिचें प्रमाण थराथराला मोजून उत्तरेकडील अरण्यांच्या दोन हजार वर्षांच्या आगींचा आलेख २०१४ सालीं मांडण्यांत आला. ज्या आगी कोणी पाहिल्या नाहींत, किंवा पाहणारांनीं लिहून ठेवल्या नाहींत, त्यांची ही जणू रोजकीर्द होय.

एवढ्यावरच हें शास्त्र थांबत नाहीं. काय जळलें, हेंही तें कांहीं अंशीं सांगूं शकतें. लांकडास कठीणपणा आणणारें जें लिग्निन, त्याची घडण सर्व वनस्पतींत सारखी नसते. देवदारासारखीं सूचिपर्णी झाडें जळलीं म्हणजे व्हॅनिलिक जातीचीं आम्लें मुख्यत्वें निघतात. रुंद पानांच्या झाडांच्या धुरांत त्यांच्या जोडीला सिरिंजिक आम्ल येतें. गवताच्या धुराची ओळख आणखी निराळ्या आम्लांनीं पटते. लेव्होग्लुकोसानचीं मॅनोसान व गॅलॅक्टोसान हीं भावंडें कोणत्या प्रमाणांत आहेत, यावरूनही जळणाची जात ताडतां येते. आमच्या गृहिणींना मौज वाटेल अशी एक गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दक्षिण आशियांतील घरगुती जळणांचा धूर तपासला गेला. भाताचा पेंढा, नारळीच्या झावळ्या, फणसाच्या फांद्या, आणि त्यांच्याच पंक्तीला शेणी. शेणीच्या धुरांत कांहीं विशिष्ट स्टॅनॉल द्रव्यें आढळतात, आणि तीं चरणाऱ्या जनावराच्या आंतड्यांतच घडलेलीं असतात. म्हणजे गवत नुसतें जळलें कीं गाईच्या पोटांतून जाऊन चुलींत जळलें, हा भेद धूरच बोलून दाखवितो.

लेव्होग्लुकोसान फार जुन्या काळापर्यंत टिकत नाहीं. तेथें दुसरीं अधिक टणक द्रव्यें उपयोगी पडतात. बहुचक्रीय हायड्रोकार्बनें हीं त्यांपैकींच. ॲलिसन कार्प, ॲना बेहरेन्समायर व कॅथरिन फ्रीमन यांनीं आजच्या पाकिस्तानांतील शिवालिक थरांच्या प्राचीन मातींत या द्रव्यांचा शोध घेतला आणि निष्कर्ष २०१८ सालीं प्रसिद्ध केले. ढोबळ मानानें एक कोटी ते साठ लाख वर्षांपूर्वीं त्या भागांत जसजसें गवत पसरलें, तसतशा आगीच्या खुणाही वाढल्या, असें त्यांस आढळलें. त्या काळीं मेंढपाळ नव्हता, कोयता नव्हता, काडेपेटी नव्हती, मनुष्यच नव्हता. गवत वाढावें, उन्हाळ्यांत वाळावें, विजेनें पेटावें, आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हां मुळांतून फुटावें, हा क्रम मानवाच्या आधींचा आहे. शिवालिक म्हणजे माणदेश नव्हे, हें आम्ही जाणतों. परंतु ‘जेथें आग तेथें अपराधी मनुष्य’ हें जें गृहीत धरून आपण बसलों होतों, तें या एका दाखल्यानें मोडून पडतें.

आतां या साक्षीदाराची उलटतपासणी. त्याचा पहिला दोष हा, कीं त्याची स्मरणशक्ति सर्वत्र सारखी नाहीं. लेव्होग्लुकोसान एके काळीं अक्षय मानलें जाई. पण हवेंतल्या अत्यंत क्रियाशील द्रव्यांपुढें तें झिजतें, आणि ओल्या, हवेशीर मातींत सूक्ष्म जीव त्याचा फडशा पाडतात. उन्हाळ्यांत तळ उघडा पडणाऱ्या उथळ तळ्यांत ही झीज अधिक. म्हणून खूण सांपडली तर आग होती असें म्हणतां येतें. सांपडली नाहीं तर आग नव्हती असें म्हणतां येत नाहीं. कागदाविषयींही हाच नियम आहे. वाळवी लागलेल्या दप्तरांत एकादें पत्र नाहीं, एवढ्यावरून तें पत्र कोणीं लिहिलेंच नव्हतें असें कोणता इतिहासकार म्हणेल? अशा वेळीं लांकडी कोळशाचे बारीक कण उपयोगी पडतात, कारण ते दीर्घायुषी असतात. एक साक्षीदार मुका झाला तर दुसऱ्यास बोलवावें लागतें.

दुसरा दोष अधिक महत्त्वाचा आहे. आग कोठें व कशासाठीं लागली, हें ही साखर सांगत नाहीं. कृष्णाकांठीं ऊस तुटून गेल्यावर शेतांत पाचट पेटतें, गुऱ्हाळाच्या चुलवाणांत चिपाड जळतें, घाटमाथ्यावरचा शेतकरी भाताच्या रोपासाठीं राब भाजतो, घरोघरच्या चुली धुमसत असतात. आणि या सर्वांच्या धुरांत लेव्होग्लुकोसान असतेंच. धुराची विभागणी किती अवघड आहे, याचें उदाहरण फार दूर नाहीं. पुण्याजवळच्या सिंहगडावर आणि मालदीव बेटांवर हिवाळ्यांतील हवेचे नमुने घेऊन, त्यांतील कार्बन वनस्पतींचा किती व खनिज इंधनाचा किती, हें अर्जान गुस्ताफ्सोन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं किरणोत्सारी कार्बनच्या मोजणीनें ठरविलें, आणि तो निबंध २००९ सालीं प्रसिद्ध झाला. दगडी कोळसा व तेल इतके पुरातन, कीं त्यांत तो कार्बन उरलेलाच नसतो. ताज्या लांकडांत व शेणींत तो असतो. कार्बनयुक्त धूलिकणांपैकीं सुमारें दोन-तृतीयांश वनस्पतींच्या जळण्यांतून आलेले आहेत, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. पण यांत चुलीचा वांटा किती, शेताचा किती आणि वणव्याचा किती, हें त्या मोजणीच्या कक्षेबाहेरचें होतें. राख ‘काय’ हें सांगते, कधीं कधीं ‘केव्हां’ हेंही सांगते. ‘कोणीं’ आणि ‘कां’ हें ती सांगत नाहीं.

एकट्या राखेवर विसंबल्यानें काय होतें, याचा एक नामांकित दाखला याच कृष्णेच्या खोऱ्यांत आहे. महाबळेश्वरास उगम पावून वाई, कऱ्हाड, सांगली या गांवांवरून जाणारी ही नदी पुढें कर्नाटक व तेलंगणाच्या ज्या मुलखांत शिरते, तेथें राखेचे प्रचंड ढिगारे आढळतात. भोंवतालच्या लोकांनीं त्यांस भीमानें मारलेल्या हिडिंबासुराचे अवशेष मानिलें. कांहीं विद्वानांस त्यांत ज्वालामुखीचे लोट दिसले. रॉबर्ट ब्रूस फूट यांनीं त्या राखेचा संबंध गोधनाशीं जोडला. पुढें १९५७ सालीं एफ. आर. ऑल्चिन यांनीं उतनूर येथें उत्खनन केलें, तेव्हां राखेच्या थरांतच गुरांच्या खुरांचे ठसे आणि गोठ्याच्या कुंपणाच्या खुणा निघाल्या. नवाश्मयुगांतल्या गोपालकांनीं आपल्या गोठ्यांतलें शेण वेळोवेळीं पेटविलें होतें. राख तीच होती. पण खुराचा ठसा जोडीला मिळाला तेव्हांच तिचा अर्थ लागला. तोपर्यंत राक्षस व ज्वालामुखी या दोघांनींही गुराख्याची जागा बळकावली होती.

राखेस जोडीदार लागतो, हें येथवर स्पष्ट झालें. माळरानाच्या बाबतींत तो जोडीदार कोणता? नेर्लेकर व पाटील यांच्या निबंधाचें महत्त्व आम्हांस येथेंच वाटतें. तेराव्या शतकापासून पुढच्या मराठी वाङ्मयांत स्थळांचीं वर्णनें आणि रानटी वनस्पतींचे उल्लेख कोठें कोठें येतात, हें त्यांनीं वेंचून काढलें. एकंदर ४४ रानवनस्पतींची ओळख पटली, आणि त्यांपैकीं जवळजवळ दोन-तृतीयांश उघड्या माळरानाच्या खास खुणा ठरणाऱ्या निघाल्या. दाट अरण्याच्या खुणा ठरणाऱ्या अगदींच थोड्या. यावरून ते म्हणतात, कीं हे माळ निदान साडेसातशें वर्षें तरी माळच आहेत. इंग्रजांच्या काळीं किंवा त्याच्या थोडें आधीं तोडलेल्या अरण्याचे ते अवशेष नव्हेत. निष्कर्ष धीट आहे. ज्या वाङ्मयाकडे आम्ही केवळ भक्तीच्या किंवा रसाच्या दृष्टीनें पाहत आलों, त्यांत भूमीची साक्ष शोधावी, हा विचार शास्त्रज्ञांस सुचला आणि मराठीच्या अध्यापकांस सुचला नाहीं, याची नोंद आमच्या वर्गानें करून ठेवावी.

तथापि गौरव म्हणजे परीक्षण नव्हे. या पद्धतीवर दोन आक्षेप संभवतात, व ते हलके नाहींत. पहिला असा, कीं कवि झाडाचें नांव घेतो तें तें झाड विपुल असतें म्हणून नव्हे, तर तें पूज्य, उपयोगी किंवा अनुप्रासास सोईचें असतें म्हणून. मराठी कवितेंत चंदन, कल्पतरु आणि कमळ किती वेळां आलें आहे, तें मोजून कोणी देशाचा वनस्पतिकोश करूं म्हणेल, तर आपण त्यास हंसूं. दुसरा आक्षेप असा, कीं साक्षीदार कोण आहे हें पाहिलें पाहिजे. धनगराची ओवी माळावर जन्मली. तिच्यांत माळाचेंच झाड येणार. कोयनेच्या खोऱ्यांतील कोणी कातकरी किंवा गवळी गात असता, तर त्याच्या गाण्यांत जांभूळ, हिरडा आणि अंजनी आली असती. गाणाऱ्यांची निवड बदलली कीं झाडांची यादी बदलते. म्हणून केवळ बेरीज-वजाबाकीवर या पुराव्याचा भार टाकणें आम्हांस धोक्याचें वाटतें.

पण बेरजेपेक्षां खोल असा एक पुरावा याच सामग्रींत आहे, आणि तो वाङ्मयाच्या वाचकासच अधिक स्पष्ट दिसतो. साक्षीदार जें ठासून सांगतो त्यापेक्षां जें जातां जातां बोलून जातो तें अधिक विश्वसनीय असतें. पंढरपुरास विठ्ठलाच्या मंदिरांत कान्होपात्रेची कथा सांगतात. तिनें देह ठेवला तेथें तरटीचें झाड उगवलें, अशी श्रद्धा आहे. कथेचा हेतु कान्होपात्रेचें माहात्म्य सांगण्याचा. वनस्पतिशास्त्र सांगण्याचा नव्हे. चमत्कारच सांगावयाचा, तर पारिजातक उगवावयास काय हरकत होती? पण कथाकारानें तरटी घेतली: कोरड्या, उघड्या, कांटेरी मुलखांतलें एक साधें झाड. चमत्कारही शेजारच्या मातींतून उगवतो. श्रोत्यांच्या नित्य परिचयाचें झाड असल्यावांचून ती कथा त्यांच्या हृदयाला भिडली नसती. असा एकच सहज उल्लेख दहा सालंकृत वनवर्णनांवर भारी आहे. नेर्लेकर-पाटील यांनीं उल्लेखांची गणना केली आहे, ती उपयुक्तच आहे; त्यापुढची पायरी म्हणजे प्रत्येक उल्लेखाचें वजन ठरविणें, आणि हें काम मराठीच्या अभ्यासकांचें आहे.

धनगरी ओव्यांविषयींही असेंच म्हणतां येईल. गुंथर सोन्थायमर या जर्मन पंडितानें आयुष्यभर खपून धनगरांच्या ओव्या व दैवतकथा गोळा केल्या; १९९२ सालीं तो निवर्तला. बिरोबा, म्हसोबा, खंडोबा हीं या मंडळींचीं दैवतें. कवठे महांकाळ तालुक्यांतील आरेवाडीचें बिरोबाचें ठाणें आजही गजबजलेलें असतें. हीं दैवतें गांवाच्या वेशीबाहेर, गवताच्या मुलखांत वास करितात. पांढरींतल्या देवांची व रानांतल्या देवांची ही वांटणी एका पिढींत होत नाहीं. ज्या समाजाचा देवसुद्धां माळावरचा, त्या समाजानें माळ काल-परवां तयार केला असें मानावयाचें असेल, तर पुरावा मानणाऱ्यानें दिला पाहिजे. अलीकडच्या काळाकडे आलों तर व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) डोळ्यांपुढें येते. माणदेशांतील त्या धनगरवस्तीवर दुष्काळ येतो, गवत संपतें, आणि माणसें पांगतात. तेथलें दुःख अरण्य गेल्याचें नाहीं. गवत न आल्याचें आहे.

आमच्या मतें सर्वांत बोलका पुरावा एका शब्दांत दडलेला आहे, आणि तो शब्द म्हणजे ‘जंगल’. आज आपण त्याचा अर्थ दाट अरण्य असा करितों. परंतु आयुर्वेदाच्या संहितांत ‘जांगल’ देश म्हणजे कोरडा, मोकळा, विरळ वृक्षांचा, शमी-खैर-बोरींचा मुलूख. पाणथळ व दाट झाडीचा जो देश, त्यास ‘आनूप’ म्हणत. फ्रान्सिस झिमरमन या फ्रेंच अभ्यासकानें या भेदावर एक अख्खा ग्रंथ रचला आहे. म्हणजे आपल्या पूर्वजांना उघडा माळ हा स्वतंत्र, सुलक्षणी देश वाटत होता. तेथील पाणी, वारा, मृगया यांचे गुण ते वर्णीत. मधल्या काळांत शब्दाचा अर्थ पालटला, आणि ज्याचें नांव तें होतें तो मुलूखच निनांवी झाला. मग त्यास ‘पडीक’ म्हणणें सोपें गेलें. भूमीवर अन्याय होतो त्याच्या आधीं बहुधा तिच्या नांवावर झालेला असतो.

हवामानाची साक्षही या बाजूस झुकते. एकाच सातारा जिल्ह्यांत महाबळेश्वरास वर्षाकांठीं सरासरी साडेपांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि माणच्या बाजूस तो पांचशेंच्या आसपास उतरतो. सह्याद्रीच्या आड पडलेल्या या मुलखांत गवतच राजा व्हावें, यांत नवल नाहीं. गोदावरीच्या मुखाबाहेर समुद्रतळाशीं सांचलेल्या गाळांतील पानांच्या मेणाचा अभ्यास २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. दख्खनच्या त्या मोठ्या खोऱ्यांत सुमारें चार हजार वर्षांपूर्वींपासून कोरडी हवा मानवणाऱ्या वनस्पती वाढत गेल्या, असें त्यांत दाखविलें आहे. परंतु या विधानांचा कोणीं भलता अर्थ करूं नये. जी आग माळावरचें गवत सोसतें, ती कोयना-चांदोलीचें सदाहरित रान सोसत नाहीं. कासच्या पठारावर उनाडांनीं लावलेला वणवा हा कोणत्याही शास्त्रानें निर्दोष ठरणारा नाहीं. जमिनीवर घरटें करणारें पांखरूं माळावरच्या अवेळच्या आगींतही होरपळतेंच. आमचें म्हणणें एवढेंच, कीं खूण एक असली तरी तिचा अर्थ स्थळाप्रमाणें बदलतो, आणि जावळीच्या रानाचा कायदा जतच्या माळास लावणें हा न्याय नव्हे.

हा वाद पंडितांपुरता असता, तर आम्ही एवढी शाई खर्च केली नसती. महाराष्ट्र सरकारनें २०१६ ते २०१९ या चार वर्षांत पन्नास कोटि झाडें लावण्याची मोहीम हातीं घेतली होती. हेतूविषयीं शंका नाहीं. पण जेथें जेथें मोकळी जागा दिसते तेथें तेथें खड्डे खणावयाचे, आणि गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी अशीं परकीं झाडें रोंवावयाचीं, हा प्रघात जुनाच आहे, आणि त्याचा पहिला बळी माळ असतो. सावली आली कीं कुसळी व पवन्या मागें हटतात, लांडगा व धाविक स्थळांतर करितात, आणि चराईबंदीची पाटी लागली कीं मेंढरांचा कळप दुसऱ्या तालुक्याची वाट धरतो. जुन्या गवताच्या मुळांत व मातींत सांठलेला कार्बन कोणी मोजीत नाहीं. नवें रोप मात्र मोजलें जातें. म्हणजे चुकीच्या इतिहासाचा दंड आज जिवंत माणसें भरीत आहेत. शंभर वर्षांपूर्वींच्या फिर्यादीवर, साक्षीपुरावा न घेतां, वसुली चालूच आहे.

साक्षीपुरावा घेतां येईल अशीं स्थळें आपल्याच दारीं आहेत. माणगंगेवर सातारा-सांगलीच्या सीमेजवळ राजेवाडीचा मोठा तलाव आहे. इंग्रजी अमदानींत दुष्काळी काम म्हणून तो उभारला गेला. अशा तलावाच्या तळाचा गाळ म्हणजे पाणलोटाचें दप्तर होय. प्रत्येक पावसाळ्यानें त्यांत एक पान घातलेलें असतें. त्या पानांत भोंवतालच्या माळाची माती, परागकण, कोळशाचे कण, आणि कोठें ओल व अंधार टिकला असेल तर आगीची ती साखरही असूं शकते. लहान गांवतळीं याहूनही जुनीं आहेत. परंतु २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना राज्यांत आली आहे. दुष्काळी शेतकऱ्याला सुपीक गाळ व अधिक पाणी मिळावें, हें योग्यच आहे. त्यास आमचा विरोध नाहीं. पण यंत्रानें तळ खरवडला कीं शतकाचीं पानें एका दुपारांत उलटींपालटीं होऊन शेतोशेतीं पसरतात. जुने कागद वाण्याच्या पुड्यांना गेले म्हणून आपण अजून हळहळतों. हें दप्तर तर आपण स्वतःच गाड्या भरून पाठवीत आहोंत. गाळ काढण्यापूर्वीं तळाच्या मध्यांतून एक हातभर जाडीचा नव्हे, तर मनगटाएवढ्या नळींतला उभा गाभा काढून ठेवावा. त्याला ना फार खर्च, ना फार वेळ. सातारा, कऱ्हाड, सांगली येथील महाविद्यालयांत रसायनाचे व मराठीचे वर्ग एकाच छपराखालीं भरतात. एकानें गाळ वाचावा, दुसऱ्यानें ओवी वाचावी, आणि मग दोघांनीं निकाल लिहावा.

तात्पर्य, राखेची साक्ष काटेकोर आहे, पण ती अबोल आहे. ओवीची साक्ष बोलकी आहे, पण ती पाघळणारी आहे. पहिलीस अर्थ हवा, दुसरीस आधार हवा. नेर्लेकर व पाटील यांनीं ओवीला साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत मानानें उभें केलें, हें त्यांचें काम चांगलें आहे, आणि तें अपुरें आहे हें त्या कामाचें वैगुण्य नसून आमच्याकडे आलेलें देणें आहे. तें फेडीपर्यंत माळाला कोणीं पडीक म्हणूं नये, धनगराला कोणीं जाळपोळ्या म्हणूं नये, आणि ज्या भूमीचें म्हणणें अद्याप ऐकलेलें नाहीं तिच्यावर कोणीं कुदळ मारूं नये, इतकें सुचवून आम्ही हा लेख पुरा करितों.